घरी पाण्यात बाळंतपण की रुग्णालयात? निर्णयाआधी काय काय तपासायचं

कोमट पाण्याच्या टबात, घरच्या मंद उजेडात, कुणी न ओरडता झालेल्या बाळंतपणाचे व्हिडिओ पाहून पुण्या-मुंबईच्या अनेक जोडप्यांना वाटतं, आपणही असंच करावं. या ओढीमागची कारणं खरी आहेत. लेबर रूममध्ये एकटं पडून राहायला लागणं, नवऱ्याला किंवा आईला आत न सोडणं, विचारपूस न करता योनिमार्गाला दिलेला छेद, गरज नीट न समजावता केलेलं सीझर या गोष्टी घडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या होत्या, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. घर बरं असं एखादीला वाटलं, तर तिला वेडी ठरवायचं कारण नाही.

पण इथे दोन वेगळे निर्णय एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला म्हणजे पाणी वापरायचं का, आणि वापरायचं तर कळांपुरतं की बाळ बाहेर येईपर्यंत. दुसरा म्हणजे जागा कोणती. हे दोन्ही सुटे करून पाहिले की निम्मा गोंधळ मिटतो. कळांमध्ये कोमट पाण्याचा फायदा जवळजवळ सगळ्यांना घेता येतो, रुग्णालयातसुद्धा. घरी आणि तेही पाण्यातच बाळ जन्माला घालणं ही फार थोड्या बायकांसाठी, फार कडक अटींवर विचारात घेण्याजोगी गोष्ट आहे. पहिलटकरणीने महाराष्ट्रातल्या आजच्या परिस्थितीत ती करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारणं पुढे येतातच.

आधी पुरावा काय सांगतो ते

कळांच्या काळात पाण्यात बसल्याने वेदना सुसह्य होतात, एपिड्युरलची (पाठीच्या कण्यातून दिलेल्या भुलीची) गरज थोडी कमी पडते आणि बाळाला त्याचा अपाय दिसत नाही, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल) 15 चाचण्या आणि साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. एपिड्युरलसारखी भूल घेणाऱ्यांचं प्रमाण पाण्यामुळे 43 टक्क्यांवरून 39 टक्क्यांच्या आसपास आलं. फरक लहान, पण खरा.

बाळ प्रत्यक्ष पाण्यात जन्मण्याबद्दल मतं वेगळी आहेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं की पहिल्या टप्प्यात, म्हणजे कळांच्या काळात, पाणी चालेल, पण बाळ पाण्याबाहेरच जन्माला यावं. ब्रिटनमध्ये 2024 साली ‘पूल’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुंतागुंत नसलेल्या, कळांमध्ये टब वापरलेल्या 73 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. बाळ पाण्यात झालं काय किंवा त्याआधी आई बाहेर आली काय, धोका वाढलेला दिसला नाही. याचा दाखला देताना लोक एक गोष्ट सोडून देतात. त्या स्त्रिया एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, व्यवस्थेत होत्या. प्रशिक्षित मिडवाइफ (प्रसूती करणारी परिचारिका) शेजारी, ठरलेले नियम, आणि मागे उभं रुग्णालय.

जागेबद्दलचा सर्वांत उपयोगी अभ्यास इंग्लंडचाच, 2011 चा. कमी जोखमीच्या सुमारे 64 हजार स्त्रिया त्यात होत्या. पहिल्या बाळंतपणात घर निवडलेल्यांमध्ये बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू अशा घटना हजारी 9.3, तर रुग्णालयाच्या प्रसूती विभागात हजारी 5.3 होत्या. दुसऱ्या किंवा पुढच्या बाळंतपणात असा फरक आढळला नाही. शिवाय घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्क्यांना मध्येच रुग्णालयात हलवावं लागलं. पुढच्या बाळंतपणांत हेच प्रमाण 12 टक्के. हलवण्याचं कारण बहुतेकदा आणीबाणी नव्हती, कळा पुढे सरकत नव्हत्या. म्हणून पहिलटकरणीने घरचा बेत आखला, तर तो निम्म्या वेळा अर्ध्यावर बदलणार असं धरूनच चालायला हवं. आणि इंग्लंडमध्ये हलवणं म्हणजे एका व्यवस्थेच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं. आपल्याकडे ते अनोळखी रुग्णालयाच्या दारात, बिननोंदणीचं उभं राहणं असतं.

पायरी 1: वैद्यकीय चाळणी, 34 ते 36 आठवड्यांत

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर प्रसूती रुग्णालयातच. त्यावर घरी चर्चा वाढवू नका.

- आधीचं सिझेरियन किंवा गर्भाशयावरची दुसरी शस्त्रक्रिया
- जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, खाली असलेली वार (प्लासेंटा)
- रक्तदाब 140/90 किंवा जास्त, लघवीतून प्रथिनं जाणं
- गरोदरपणातला मधुमेह. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर 140 किंवा पुढे आली असेल तर तो धरतात
- हिमोग्लोबिन 10 पेक्षा कमी
- मागच्या खेपेला जास्त रक्त गेलेलं, वार हाताने काढावी लागलेली किंवा बाळाचा खांदा अडकलेला
- 37 आठवड्यांच्या आत किंवा 41 नंतर सुरू झालेल्या कळा
- बाळाची वाढ कमी किंवा बाळाभोवतीचं पाणी कमी
- अपस्मार, हृदयविकार, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी

हिमोग्लोबिनच्या ओळीवर थोडं थांबायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. गरोदरपणाच्या शेवटी गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर गर्भपिशवी आवळली नाही तर हा नळ उघडाच राहतो. हिमोग्लोबिन 12 असलेली बाई लिटरभर रक्त गेलं तरी सहसा सावरते, 8 असलेली तेवढ्यात कोसळते. म्हणून 28 आठवड्यांना आणि पुन्हा 36 ला रक्त तपासा. लोहाच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल तर शिरेतून लोह घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. हे काम 37 व्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर जन्मापासून 72 तासांत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. त्याची सोय आधी करून ठेवा.

पायरी 2: शेजारी कोण असणार

इथे सर्वांत जास्त फसगत होते. डूला ही आधार देणारी व्यक्ती. ती पाठ चोळते, धीर देते, श्वास लयीत ठेवते, आणि हे काम मोलाचं आहे. पण तिला प्रसूती करण्याचं, इंजेक्शन देण्याचं किंवा बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण नसतं. गर्भसंस्कार किंवा प्रसूतीपूर्व वर्ग घेणाऱ्या बाईंचंही तसंच. गावातल्या अनुभवी सुईणीच्या हाताला गुण असेल, पण रक्तस्राव थांबवायला तिच्याकडे औषध नसतं.

घरी येणारी व्यक्ती नर्सिंग-मिडवाइफरीची नोंदणीकृत पदवी किंवा पदविका घेतलेली असावी, किंवा डॉक्टर. आपल्या देशात मिडवाइफरीचं स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर आकार घेऊ लागलं आहे. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयासारख्या ठिकाणी त्याचं काम आधीपासून चालू होतं. पण तयार झालेल्या बहुतेक मिडवाइफ रुग्णालयात काम करतात, घरोघरी जात नाहीत. महाराष्ट्रात घरी येणारी योग्य व्यक्ती मिळणं कठीण आहे, हे आधीच गृहीत धरा. भेटल्यावर तिला पुढचे प्रश्न थेट विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

- नोंदणी क्रमांक काय, कोणत्या राज्याच्या परिषदेचा?
- तुमच्याबरोबर दुसरी प्रशिक्षित व्यक्ती कोण? (बाळ झाल्यावर आईला एक आणि बाळाला एक अशी दोन माणसं लागतात. एकटीने येणाऱ्या व्यक्तीला नकार द्या.)
- ऑक्सिटोसिन (रक्तस्राव थांबवणारं औषध) कुठे ठेवता? योग्य उत्तर: 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या पेटीत. पर्समध्ये ठेवलेल्या इंजेक्शनवर भरवसा ठेवता येत नाही.
- बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करता? तिने बाळाला श्वास देण्याची हवेची पिशवी आणि मास्क दाखवला पाहिजे, नवजाताच्या मापाचा.
- कोणत्या रुग्णालयातले कोणते डॉक्टर तुमचा फोन उचलतात?

शेवटच्या प्रश्नाला “तशी वेळ येत नाही” असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा. दहातल्या एका बाळाला जन्मल्यावर पुसणं, पाठ चोळणं, श्वासाला मदत अशा काहीतरी आधाराची गरज पडते. अशी वेळ अपवादाने येते असं समजून बेत आखता येत नाही.

आणखी एक ताकीद, मोठ्या अक्षरात वाचा. बाळ होण्याआधी घरात “कळा वाढवायचं इंजेक्शन” (ऑक्सिटोसिनच) कुणालाही देऊ देऊ नका. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्याही नाहीत. बाळाच्या ठोक्यांवर लक्ष न ठेवता, मात्रा मोजून न देता दिलेलं हे औषध बाळाचा प्राणवायू तोडतं आणि पिशवी फाडू शकतं. तेच ऑक्सिटोसिन बाळ झाल्यावर मिनिटाभरात, 10 युनिट स्नायूत दिलं की आईचा जीव वाचवतं. वेळ चुकली की त्याच औषधाने जीव जातो.

पायरी 3: मिनिटं मोजा

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. पलंगापासून शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंतची मिनिटं मोजा, आणि ती संध्याकाळी सात वाजता मोजा. त्यात रुग्णवाहिका येण्याचा वेळ, जिना, लिफ्ट, गेट, वाहतूक सगळं धरा. सोसायटीच्या साध्या लिफ्टमध्ये आडवं स्ट्रेचर बहुधा मावत नाही. चौथ्या मजल्यावरून बाईला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवायचं झालं तर चार धडधाकट माणसं लागतात. ती रात्री तीन वाजता कुठून येणार, नावं लिहा.

शस्त्रक्रियेचा निर्णय झाल्यापासून तीस मिनिटांत बाळ बाहेर यावं ही तातडीच्या सीझरची रूढ अपेक्षा आहे. रुग्णालयातही भूलतज्ज्ञ घरून येणार असतील तर ती पाळणं अवघड जातं. त्यात तुमचा घरापासूनचा वेळ मिळवा. घर ते शस्त्रक्रियागृह एकूण 20 मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर घरचा पर्याय संपला. पावसाळ्यात घाटातला रस्ता, पूर येणारा ओढा, एकच गाडी असलेलं गाव यांनाही हीच ओळ लागू.

108 ची गाडी मोफत आणि चांगली सोय आहे, पण ती कधी येईल आणि कुठे नेईल हे तुमच्या हातात नसतं. घरी प्रसूती करायचीच असेल तर दारात उभी स्वतःची गाडी, जागा राहणारा चालक आणि 36 व्या आठवड्यात नाव नोंदवलेलं रुग्णालय या तीनही गोष्टी हव्यात. रुग्णालयाला घरचा बेत मोकळेपणाने सांगा. ओरडा बसेल. तरी सांगा, कारण बेत लपवून ठेवलेल्या बाईची फाइल, रक्तगट आणि सोनोग्राफी रात्री दोनला कुणाच्या हाती नसते.

2018 मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूर जिल्ह्यात एका जोडप्याने व्हिडिओ पाहून घरीच बाळंतपण केलं. बाळ वाचलं, आई रक्तस्रावाने गेली. पुरेशा वेळात रक्त आणि औषध मिळालं नाही की असं होतं, मग घरातल्यांचा हेतू कितीही चांगला असो.

पायरी 4: टब, मजला आणि पाणी

वरच्या तीनही पायऱ्या पार झाल्या, दुसरं-तिसरं बाळंतपण आहे आणि मागचं सरळ झालं होतं, तरच इथे या. रुग्णालयात टब आहे का हे तपासणाऱ्यांनाही यातला बराच भाग कामी येईल.

हवा भरायच्या बाळंतपणाच्या टबात साधारण 600 लिटर पाणी बसतं. पाणी छातीच्या खालपर्यंत यावं, पोट पूर्ण बुडलेलं असावं. बाई, टब आणि पाणी मिळून सातशे किलो होतात. टबाने व्यापलेली जागा पावणेदोन-दोन चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे ते चारशे किलो भार. घरांच्या मजल्यासाठी भारतीय मानक चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने असतं. चांगली आरसीसी स्लॅब हा भार आजूबाजूला वाटून घेते, तरी टब तुळईजवळ किंवा भिंतीलगत ठेवा, खोलीच्या मध्यात नको. लाकडी तुळयांचा वाडा, चाळ, बाल्कनी, ओल लागलेली जुनी स्लॅब इथे टब भरूच नका. तळमजला उत्तम.

आता गरम पाण्याचा हिशेब, जो जवळजवळ कुणीच करत नाही. नळाचं पाणी 25 अंश, गीझरचं 60, आणि टबात हवं 37. त्यासाठी 600 पैकी सुमारे 205 लिटर कडक पाणी लागतं. घरातला 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर एकदा तापायला अर्धा तास घेतो. आठ वेळा तापवायचा म्हणजे चार तास. डिसेंबरात नळाचं पाणी 20 अंशांवर असलं तर 255 लिटर कडक पाणी लागतं आणि वेळ सहा तासांवर जातो. दुसऱ्या खेपेच्या कळा कित्येकदा त्याआधीच संपतात. अर्धा भरलेला, 33 अंशांचा टब आणि बाहेर येणारं बाळ ही घरच्या पाण्यातल्या बाळंतपणाची नेहमीची फसगत आहे. गॅस गीझर लवकर भरतो, पण बंद न्हाणीघरात तासभर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. खिडकी सताड उघडी हवी, किंवा गीझर बाहेर बसवलेला. पाण्यात बुडवायचा हीटिंग रॉड टबात कधीही घालायचा नाही, रिकाम्या टबातही नाही. खोलीतल्या एक्स्टेंशन बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर बोर्ड टबाच्या खोलीत आणूच नका.

लवकर भरून ठेवावं हा मोह टाळा. लिजिओनेला नावाचा जंतू 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. ब्रिटनमध्ये 2014 साली आधीच भरून, पंपाने फिरवून गरम ठेवलेल्या घरगुती टबातून बाळाला या जंतूचा न्यूमोनिया झाला. त्यावर तिथल्या आरोग्य यंत्रणेने असे टब वापरू नयेत असं कळवलं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात पाण्यात जन्मलेल्या दोन बाळांना हाच आजार झाला. त्यांतल्या एका घरी टब दोन आठवडे आधी भरून ठेवला होता. आपल्याकडे गच्चीवरची टाकी आणि सोलरची कोमट टाकी ही या जंतूची आवडती जागा. म्हणून कळा नक्की सुरू झाल्यावरच पाणी भरा. टाकी महिनाभर आधी धुऊन घ्या. बागेची हिरवी नळी न वापरता पिण्याच्या पाण्याची नवी नळी आणा आणि आधी दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, ते तपासायचा साधा संच बाजारात मिळतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तपासल्याशिवाय नको. टबाला दर वेळी नवं अस्तर. जेट किंवा फवारे असलेला टब बाद, त्याच्या नळ्या आतून धुताच येत नाहीत.

पाण्याचं तापमान 37.5 च्या वर जाऊ देऊ नका. आईच्या पोटातलं बाळ तिच्यापेक्षा अर्धा ते एक अंश गरमच असतं. आई तापली की बाळाचे ठोके वाढतात. पाणी आणि आईचा ताप दोन्ही दर तासाला मोजा, तरंगता थर्मामीटर वापरा, कोपर बुडवून अंदाज घेऊ नका. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पाणी थंड होतच नाही, उलट तापतं. तिथे बर्फ आणि पंखा हाताशी हवा.

पायरी 5: पाण्यात केव्हा उतरायचं, केव्हा बाहेर यायचं

गर्भपिशवीचं तोंड सुमारे 5 सेंटिमीटर उघडलं, कळा नियमित झाल्या, की उतरा. फार लवकर उतरलं तर कळा मंदावतात. तसं झालंच तर बाहेर या, चाला, तासाभराने पुन्हा बसा. लघवी दर दोन तासांनी, घोट घोट पाणी किंवा सरबत सतत.

बाळाचे ठोके पाण्यात चालणाऱ्या डॉपलरने (पोटावर ठेवून ठोके ऐकण्याच्या यंत्राने) ऐकायचे. पहिल्या टप्प्यात दर 15 मिनिटांनी, जोर लावायला लागल्यावर दर 5 मिनिटांनी, कळ ओसरल्या ओसरल्या पूर्ण मिनिटभर. 110 ते 160 मधले ठोके ठीक. कळ संपल्यावरही 110 च्या खाली रेंगाळत असतील तर पाण्याबाहेर, आणि तशाच गाडीत.

बाहेर येण्याची इतर कारणं: पाणमोट फुटून हिरवं किंवा पिवळसर पाणी येणं (बाळाने पोटातच शी केलेली असते), ताजं रक्त जाणं, आईचा ताप 37.5 वर टिकणं, रक्तदाब 140/90, चक्कर, दोन कळांच्या मध्येही न थांबणारी पोटदुखी, पाणमोट फुटून 18 तास उलटणं. पहिल्या बाळंतपणात जोर लावून दोन तास, पुढच्यात एक तास होऊनही बाळ दिसत नसेल तरी बाहेर.

बाळ पाण्यात झालंच, तर ते पूर्ण पाण्याखालीच यायला हवं. निरोगी बाळ चेहऱ्याला हवा लागेपर्यंत श्वास घेत नाही, पण आधीच प्राणवायू कमी पडलेलं बाळ पाण्यात धाप टाकू शकतं. म्हणून ठोक्यांवर एवढा भर. डोकं एकदा हवेत आलं की पुन्हा पाण्यात जाता कामा नये. आईने कंबर वर उचलली असेल तर तिने आता उभंच राहावं. बाळाला वर आणताना हळू आणा. नाळ आखूड असते, झटक्यात ओढली की तुटते आणि बाळाचं रक्त पाण्यात जातं. दोन क्लॅम्प हाताच्या अंतरावर, पेटीच्या तळाशी नव्हे. खांदा अडकला तर पाण्यात प्रयत्न करत बसायचं नाही. आईला उभं करून, एक पाय टबाच्या कडेवर टाकून बाहेर काढायचं. हाताशी चार-पाच मिनिटं असतात.

बाळ नीट रडलं की आईच्या छातीवर, पाठ टॉवेलाने झाकून. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापा. वार मात्र पाण्याबाहेरच पडू द्या. सहाशे लिटर पाण्यात अर्धा लिटर रक्त मिसळलं तरी पाणी नुसतं गुलाबी दिसतं, आणि अर्धा लिटर हीच धोक्याची रेषा. बाहेर, मापाच्या चादरीवर रक्त मोजता येतं. ऑक्सिटोसिन दिल्यावर अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा त्याआधीच पॅड भिजून रक्त वाहायला लागलं, तर रुग्णालय.

बेशुद्ध पडलेल्या ओल्या बाईला टबातून काढणं फार अवघड असतं. 37 व्या आठवड्यात कपडे घालून, कोरड्या टबात एकदा सराव करा: जाड चादर पाठीखालून घालायची, चौघांनी चार कोपरे धरायचे, डोकं सांभाळणारा पाचवा. सराव जमला नाही तर टबाचा बेत सोडा.

पायरी 6: रुग्णालयातच, पण हवं ते मागून

बहुतेकींसाठी खरा मार्ग हा आहे, आणि याकडे दुर्लक्ष होतं कारण तो व्हिडिओत छान दिसत नाही.

28 ते 32 आठवड्यांत दोन-तीन रुग्णालयं पाहा. महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती आहे का बघा. मग विचारा: रात्री भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्तपेढी कुठे? नवजात अतिदक्षता विभाग इथेच का? लेबर रूममध्ये सोबतीण राहू शकते का? (केंद्र सरकारने 2016 पासून सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीवेळी सोबतीला परवानगी दिली आहे.) छेद सरसकट देता का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी सरसकट छेदाच्या विरोधात आहेत, आणि चालणं, हवी ती स्थिती घेणं, हलकं खाणं-पिणं यांच्या बाजूने. डॉक्टर चिडले तर उत्तर मिळालं असं समजा. चांगले डॉक्टर या प्रश्नांना शांतपणे सामोरे जातात, “पण बाळाचे ठोके पडले तर मी थांबणार नाही” असंही सांगतात, आणि ते ऐकायलाच आपण गेलेलो असतो.

पैशांची अडचण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि वाहतूक मोफत आहे.

टब नसला तरी पाणी मिळतं. प्रसूतिगृहाच्या न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा, आईने खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून, तिच्यावर छाती टेकून बसावं, पुढे उशी. सोबतीणीने हँड शॉवरने किंवा तांब्याने कोमट पाणी कमरेच्या खालच्या, माकडहाडाच्या वरच्या भागावर सोडत राहावं. कळ येताना धार वाढवायची, ओसरताना कमी करायची. बाळाचं डोकं पाठीकडून दाब देत असेल तर याने फार आराम पडतो. पाणमोट फुटलेली असली तरी शॉवर चालतो. घरून निघण्याआधीही हेच करा. पहिलटकरणीने कळा पाच मिनिटांच्या अंतराने, पाऊण ते एक मिनिट टिकणाऱ्या, असं तासभर झालं की निघावं. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटांच्या अंतरालाच गाडीत बसा. हिरवं पाणी, रक्त, बाळाची मंदावलेली हालचाल यांपैकी काही असेल तर अंतर मोजत बसू नका.

मागण्या एका पानावर, मराठीत, सहा ओळींत लिहा. डॉक्टरांची सही घ्या आणि एक प्रत फाइलला लावा. रात्रीच्या पाळीच्या सिस्टरना ती सही दिसली की बरेच वाद होत नाहीत.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत इथे आड येते. सातव्या महिन्यापर्यंत पुण्याचे डॉक्टर, मग माहेरी संगमनेरला. तिकडच्या रुग्णालयात 32 आठवड्यांच्या आत नाव घाला, सगळे अहवाल न्या, तेच प्रश्न पुन्हा विचारा. आईला आणि सासूबाईंना एकदा डॉक्टरांसमोर एकत्र बसवा. “आमच्या वेळी सगळं घरीच झालं” म्हणणाऱ्या आणि “सीझरच बरं, मुहूर्त साधतो” म्हणणाऱ्या दोघींची भीती खरी असते. ती डॉक्टरांकडून निवळलेली चांगली.

ब्रिटन किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्यांचा हिशेब वेगळा. तिथे घरी येणारी मिडवाइफ यंत्रणेचाच भाग असते, त्यामुळे दुसऱ्या बाळंतपणासाठी घर हा रास्त पर्याय ठरतो. तिथल्या मैत्रिणीचा अनुभव ऐकून इथे तसंच करायला मात्र जाऊ नका.

बाळ झाल्यावर, कुठेही झालेलं असो

जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, 24 तासांत हिपॅटायटिस बी ची पहिली लस, बीसीजी आणि पोलिओचा शून्य डोस. रुग्णालयात हे आपोआप होतं, घरी झालेल्या बाळाचं हमखास राहून जातं. म्हणून आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन करा. पहिल्या 24 तासांत बालरोगतज्ज्ञांनी बाळ पाहिलेलं असावं.

जन्माची नोंद 21 दिवसांत. रुग्णालय स्वतः कळवतं. घरी झालेल्या बाळाची नोंद कुटुंबप्रमुखाने ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात करायची असते. 21 दिवसांनंतर विलंबशुल्क लागतं, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. घरी आलेल्या मिडवाइफकडून प्रसूतीची तारीख, वेळ आणि तिचा नोंदणी क्रमांक लिहिलेला सहीचा कागद त्याच दिवशी घेऊन ठेवा.